उठण्याचे कौतुक पुरे!

मुसलमान समाजाविषयी चार बरे शब्द बोलायचे ठरले की आपल्याकडे दोन वाक्ये तयार असतात. हा समाज कष्टाळू आहे, हे पहिले. कितीही वेळा पडला तरी पुन्हा उभा राहतो, हे दुसरे. सत्कारात, इफ्तारच्या मेजवानीत, शाळेच्या वार्षिक समारंभात ही वाक्ये आम्ही ऐकत आलो आहोत. ऐकून आमचीही छाती फुगते. टाळ्या पडतात, हार घातले जातात आणि पाहुणे निघून जातात. आपण पडलो कशाने, हा प्रश्न मात्र मांडवातच राहतो.

या कौतुकावर आमचा आक्षेप आहे. तो आम्ही इथे आडपडदा न ठेवता मांडणार आहोत.

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या नेहमीसारख्या गच्च भरून धावल्या आणि वर्तमानपत्रांतून मुंबईच्या जिद्दीचे गोडवे गायले गेले. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला, शब-ए-बरातच्या दिवशी, जुम्म्याच्या नमाजनंतर मालेगावात बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. ३० हून अधिक जीव गेले. थोड्याच दिवसांत तिथले यंत्रमाग पुन्हा खडखडू लागले आणि मालेगावच्या हिंमतीचेही कौतुक झाले. लोकलमध्ये चढणाऱ्याला कुणी विचारले का, की बाबा, कालच्या प्रकारानंतर आज का निघालास? विचारले असते तर सरळ उत्तर मिळाले असते. खाडा पडला की पगार कापतात. मागावरच्या कामगाराचे तर त्याहून वाईट. त्याला मीटरवर मजुरी. कापड निघाले तर पैसे, नाहीतर घरी उपास. हातावर पोट असलेल्या माणसाच्या नाइलाजाला जिद्द हे नाव देणे फार सोयीचे असते. नाव दिले की त्याच्यासाठी दुसरे काही करावे लागत नाही.

जिद्द खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या वस्त्याच मुळी जिद्दीवर वसल्या आहेत. मालेगाव आणि भिवंडीच्या मोमीन-अन्सारी मोहल्ल्यांचा इतिहास पाहा. विलायती गिरण्यांच्या कापडाने उत्तरेतला विणकर देशोधडीला लागला. त्यात १८५७ चा उठाव चिरडला गेला, पाठोपाठ दुष्काळ पडले. मऊ, आझमगड, बनारसकडची ही माणसे आग्रा रोडने दक्षिणेकडे चालत निघाली आणि वाटेत जिथे आसरा मिळाला तिथे त्यांनी माग टाकले. पुढे हातमागाचे यंत्रमाग झाले आणि मालेगाव, भिवंडी ही कापडाची गावे म्हणून देशभर ओळखली जाऊ लागली. ही उठण्याचीच कहाणी आहे. पण ती एकट्या-दुकट्याची नाही. आधी आलेल्याने मागून आलेल्याला जागा दिली, बिरादरीने सूत दिले, उधारी दिली, मुलामुलींची लग्ने लावली, मयताला खांदा दिला. माणूस पडला तर त्याला धरायला चार हात होते. आज व्यासपीठावरून सांगितल्या जाणाऱ्या जिद्दीत हे चार हात गायब असतात. तिथे फक्त पडलेला माणूस असतो आणि त्याच्या डोक्यावर उपदेश असतो.

अलीकडे हा उपदेश नव्या पोशाखात येऊ लागला आहे. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे आता आमच्या मोहल्ल्यांतही भरतात. टाय लावलेला वक्ता मुलांना सांगतो, मनात आणले तर काहीही अशक्य नाही. ज्या मुलाची शाळा बापाच्या आजारपणात सातवीतच सुटली आणि जो रात्रपाळीला कांड्या भरून आला आहे, तो हे ऐकतो. घरी जाताना त्याच्या मनात एकच विचार राहतो, की मग चूक माझीच असणार. मी मनात आणले नाही म्हणूनच मी असा राहिलो. पडलेल्याच्या पाठीवर असे दुसरे ओझे टाकणाऱ्या या भाषणांना आम्ही प्रेरणा म्हणायला तयार नाही.

पण बाहेरच्यांना बोल लावून आम्ही थांबणार नाही. आमच्या घरातला उपदेशही तितकाच घातक आहे. त्याचे नाव सब्र.

सब्र या शब्दाची आपण जी दुर्दशा केली आहे ती पाहिली की वाईट वाटते. नोकरी गेली, सब्र करा. मुलगा नाहक पकडला गेला, सब्र करा. मुलीला नवऱ्याने घराबाहेर काढले, तिने तर सब्रच करायचा. म्हणजे गप्प बसायचे, तकदीर म्हणायचे आणि कुणाला जाब विचारायचा नाही. वास्तविक सब्र म्हणजे स्वतःला आवरून, पाय रोवून टिकून राहणे. त्यात हालचाल आहे, निर्धार आहे. उंट आधी बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आमच्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. उहुदच्या लढाईची गोष्टही आपण मदरशात ऐकलेली असते. तिरंदाजांनी टेकडीवरची नेमून दिलेली जागा सोडली आणि हाती आलेला विजय निसटला. त्यानंतर काय झाले? तकदीर म्हणून प्रकरण मिटवले गेले नाही. कुरआनच्या आले-इमरान सूरहमध्ये त्या पराभवाची चर्चा आहे, कुठे चुकले ते सांगितले आहे आणि चुकलेल्यांना माफीही आहे. पडण्याची कारणे शोधणे हा ज्यांच्या धर्मग्रंथाचा विषय झाला, त्यांच्याच व्यासपीठावरून आज कारणे विचारू नका असे सांगितले जावे, याला काय म्हणावे?

इथे कुणी म्हणेल, पडलेला माणूस कारणे आणि दोषी शोधत बसला तर उठणार कधी? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही तर्काने देत नाही, भिवंडीच्या अनुभवाने देतो.

भिवंडी दोनदा पडली. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची कसून चौकशी केली आणि पोलिसांच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. अहवाल आला आणि कपाटात गेला. गाव मात्र उठले, माग सुरू झाले, आणि भिवंडी पुन्हा उभी राहिली म्हणून सगळ्यांनी समाधान मानले. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, भिवंडी पुन्हा पेटली. या वेळची आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. म्हणजे १९७० नंतर गाव उठले होते खरे, पण ठेच लागलेला दगड होता तिथेच होता.

दुसऱ्या दंगलीनंतर मात्र एक वेगळी गोष्ट घडली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. त्यांनी आधीच्या दंगलीचा अभ्यास केला आणि मोहल्ला समित्या उभारल्या. दंगल होण्याची चाहूल लागल्यावर पुढाऱ्यांना बोलावून चहा पाजायचा, असली ही शांतता समिती नव्हती. गल्लीतली साधी माणसे, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि त्या भागाचा पोलीस, असे लोक एकत्र बसू लागले. एरवीही, काही घडलेले नसताना बसू लागले. नळावरचे भांडण, मिरवणुकीचा रस्ता, कुणाच्या मुलाची मारामारी, असले विषय तिथल्या तिथे मिटू लागले. पोलिसाला माणसे नावाने कळू लागली आणि माणसांना पोलीस.

मग डिसेंबर १९९२ आला. बाबरी मशीद पाडली गेली. उंबरठ्यावरची मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये जळाली. श्रीकृष्ण आयोगाने नोंदवलेल्या मृतांचा आकडा ९०० आहे. भिवंडी, जी देशात दंगलीचे गाव म्हणून बदनाम होती, ती शांत राहिली. मुंबईकराची हिंमत कमी पडली आणि भिवंडीकराची जास्त ठरली, असे कुणी म्हणेल काय? फरक हिंमतीचा नव्हता. एका ठिकाणी पडण्याची कारणे विचारून त्यावर इलाज केला होता, दुसऱ्या ठिकाणी तो केलेला नव्हता. पुढे १९९४ मध्ये मुंबईतही ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या निघाल्या, पण घर जळून गेल्यावर. श्रीकृष्ण आयोग तर जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला गेला, मे महिन्यात पुन्हा नेमला गेला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. त्यावर कारवाई किती झाली, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

भिवंडीचा हा धडा आम्हाला फार मोलाचा वाटतो. पडून उठणे हे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे म्हणजे पुढच्याने त्याच जागी पडू नये याची तजवीज. आपल्या समाजाने पहिले अर्धे काम अनेकदा केले आणि दुसरे बहुतेक वेळा अर्ध्यावर सोडले.

हेच माप माणसाच्या आयुष्याला लावून पाहू. कारण पडणे फक्त दंगलीत होत नाही. ते जन्मभर चालते.

सुरुवात शाळेपासून. दहावीत नापास झालेला मुलगा दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये किंवा मागावर दिसतो. नापास झालेली मुलगी घरात बसते आणि वर्षभरात तिचा निकाह होतो. एका परीक्षेने दोघांचा निकाल कायमचा लागतो. वास्तविक फेरपरीक्षा आहे, बाहेरून बसायचे तर सतरा नंबरचा फॉर्म आहे, रात्रशाळा आहेत. सवलती कागदावर आहेत, पण त्या मुलाचा हात धरून शाळेच्या कार्यालयात नेणारा मोहल्ल्यात कुणी नाही. नव्वद टक्के मिळवणाऱ्यांचे सत्कार आम्ही थाटात करतो. नापासांची यादी कोणत्या अंजुमनने, कोणत्या जमातीने कधी केली आहे काय? सत्काराची गरज पहिल्या आलेल्याला कमी असते. हाताची गरज मागे राहिलेल्याला असते.

मग तरुणपण. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांच्या प्रकरणात आमच्याच ९ तरुणांना आरोपी केले गेले. ज्या गावाने मयत उचलले, त्याच गावच्या पोरांवर आळ आला. नोव्हेंबर २०११ मध्ये त्यांतले ७ जण जामिनावर बाहेर आले, म्हणजे ५ वर्षांनी. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आरोपातून मुक्त केले, म्हणजे जवळपास १० वर्षांनी. तो दिवस पाहायला त्यांतला एक जण हयातच नव्हता. या माणसांनी आता पुन्हा उभे राहावे असे आपण म्हणतो. जरूर राहावे. पण त्यांची ती वर्षे कोण परत देणार? कायदा आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात, नाहक खटल्यात अडकवलेल्यांना भरपाई देणारा कायदा करावा अशी शिफारस केली. ही मागणी घेऊन आपण किती मोर्चे काढले? आणि ज्यांचे आप्त त्या स्फोटांत गेले, त्यांना खरे गुन्हेगार कोण हे कळण्याचा हक्क नाही काय? निरपराध माणूस तुरुंगात असतो तेव्हा गुन्हेगार मोकळा असतो, हे साधे गणित आहे.

याच संदर्भात अब्दुल वाहिद शेख यांचे नाव घ्यायला हवे. लोकल स्फोटांच्या खटल्यातून ते सप्टेंबर २०१५ मध्ये, ९ वर्षांनी, निर्दोष सुटले. पेशाने शिक्षक. तुरुंगात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, 'बेगुनाह कैदी' हे पुस्तक लिहिले आणि सुटल्यावर मागे राहिलेल्यांसाठी झटत राहिले. आपण सुटलो, आता शांत बसू, असे त्यांनी म्हटले नाही. उठणे म्हणजे काय, ते आम्हाला या उदाहरणात दिसते. स्वतः उठायचे आणि वळून मागच्याला हात द्यायचा.

आता स्त्रीकडे येऊ. सब्राचा सगळ्यांत मोठा डोस आपण तिच्यासाठी राखून ठेवला आहे. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने ७ मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. फक्त सात! त्यांची टवाळी झाली. १९८५ मध्ये शाहबानोच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीचा निकाल दिला, तेव्हा रस्त्यावर लाखोंनी उतरलेले आपले पुरुष त्या म्हाताऱ्या बाईच्या विरोधात उतरले होते. पुढच्याच वर्षी कायदा करून निकाल फिरवला गेला. म्हणजे एक बाई कोर्टाची पायरी चढून उभी राहिली आणि समाजाने तिला पुन्हा खाली बसवले. तरी बायका थांबल्या नाहीत. २००२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, लातूरच्या एका स्त्रीच्या प्रकरणात, नुसते 'मी तलाक दिला आहे' असे कोर्टात लिहून देणे पुरेसे नाही, तलाकचे कारण आणि समेटाचा प्रयत्न सिद्ध करावा लागेल, असे सांगितले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला. जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट झाले. यातल्या एकाही निकालासाठी आपल्या जमातींनी वकील दिला नव्हता, हे आपण विसरू नये.

आणि सरकारचे काय? २०१९ च्या कायद्याने नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात टाकायची सोय झाली. नवरा तुरुंगात गेला तर तिच्या चुलीचे काय, याचे उत्तर त्या कायद्यात शोधून सापडत नाही. तिला शिक्षा नको, रोजी हवी, डोक्यावर छप्पर हवे, मुलांची फी हवी. तिच्या नावाने राजकारण करणारे आणि तिला सब्र शिकवणारे, दोघेही तिला उभे राहायला जागा देत नाहीत. या बाबतीत दोघांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही.

शेवटी म्हातारपण. चाळीस वर्षे माग चालवलेल्या कामगाराकडे पाहा. मस्टरवर नाव नाही, म्हणून फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही. मालकालाही दोष देऊन भागत नाही. बरेच मालक स्वतः चार-सहा मागांचे धनी, वरच्या व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड काढणारे. विजेने मारले, सुताच्या भावाने मारले, नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने रोख मजुरीच बंद पाडली. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि भिवंडीचे कामगार पोरेबाळे घेऊन कसाऱ्याच्या घाटाकडे चालू लागले. ज्या आग्रा रोडने विणकरांच्या पिढ्या उत्तरेतून आल्या, त्याच रस्त्याने त्यांच्याच मुलखाची माणसे पायी परत निघाली. दीडशे वर्षांत आपण किती वेळा उठलो याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तो रस्ता डोळ्यांपुढे आणावा. एवढ्या उठण्यातून आपण अशी एकही संस्था उभी करू शकलो नाही, जी या माणसाला दोन महिने त्याच्या खोलीत थांबवू शकेल.

उभे करता येत नाही असे थोडेच आहे? १८५७ नंतरच्या पडझडीत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापली. तिच्या शाळा-कॉलेजांतून आजही मुले शिकून बाहेर पडतात. जालन्याच्या शब्बीर अन्सारी यांनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारली, दिलीपकुमार तिच्यासाठी गावोगाव फिरले, आणि नव्वदच्या दशकात बागवान, अन्सारी, पिंजारी यांच्या मुलांना जातीचा दाखला मिळवण्याचा रस्ता मोकळा झाला. एका कागदाने किती घरे वर आली, ते त्या घरांना विचारा. याउलट नुसत्या आश्वासनांचे काय होते तेही पाहिले. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये राज्यात महमूदुर्रहमान समितीचा आला. २०१४ मध्ये ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने त्यातला शिक्षणापुरता भाग रोखला नाही, तरी तो अध्यादेश कायदा न होताच संपला. अहवालांनी आपण का पडलो ते सांगितले. ते अहवाल मोहल्ल्यात वाचले मात्र गेले नाहीत. आरक्षण गेल्यावर आपण चार दिवस हळहळलो आणि तिथेही सब्र केला.

म्हणून आमचे म्हणणे असे की जिद्दीची भाषणे आता काही वर्षे बंद ठेवावीत. त्याऐवजी प्रत्येक मोहल्ल्याने एक वही घालावी. शाळा सुटलेली मुले किती, नापास झालेली किती, कुणाच्या कागदपत्रांत नावाच्या चुका आहेत, कोणती बाई मुले घेऊन माहेरी आली आहे, कोणत्या घरचा कमावता माणूस आजारी किंवा कोठडीत आहे, हे तीत लिहावे. महिन्यातून एकदा ही वही उघडून बसावे. बसणाऱ्यांत बायका असाव्यात, शेजारच्या गल्लीतले हिंदू असावेत, एक वकील आणि एक मास्तर असावा.

पैसा कुठून येणार, हा प्रश्न आपल्या समाजाने तरी विचारू नये. जकात हे आपल्यावर फर्ज आहे आणि दर रमजानला ती निघतेच. पण ती रांगेत उभ्या केलेल्या बायकांच्या पदरात शंभराच्या नोटा टाकण्यात संपते आणि ईद झाली की त्या बायका होत्या तिथेच असतात. जकातचा निम्मा हिस्सा तरी बैतुलमालमध्ये जमा करून त्यातून गरजू मुलाची फी, निराधार बाईला शिलाई मशीन, नाहक अडकलेल्या गरिबाच्या वकिलाचा खर्च निघावा, आणि जमा-खर्च मशिदीच्या फळ्यावर लागावा. जलशांच्या मंडपावर आणि वलीम्याच्या देगांवर होणारा खर्च यासमोर मांडून पाहावा.

हे काम मोठे नाही, पण चिकाटीचे आहे. त्याला टाळ्या मिळणार नाहीत. येत्या रमजानला वही घालायला आपल्या मशिदीच्या विश्वस्तांपाशी कोण जाणार, एवढे या अंकाच्या वाचकांनी आपसांत ठरवावे.